मेजर रॉबर्ट गिल यांची छायाचित्रे : जळालेल्या चित्रांपलीकडील कारकीर्द

प्रस्तावना

अजिंठ्याच्या लेण्यांचा आधुनिक इतिहास सांगताना मेजर रॉबर्ट गिल (१८०४-१८७९) यांचे नाव सामान्यतः दोन कारणांनी घेतले जाते. पहिले कारण असे की, त्यांनी भित्तिचित्रांच्या तैलरंगातील प्रतिकृती तयार केल्या आणि त्यांपैकी बहुतेक लंडनजवळच्या सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसला ३० डिसेंबर १८६६ रोजी लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. दुसरे कारण म्हणजे अजिंठा गावच्या पारोशी जुळलेले त्यांचे नाते. पहिल्या घटनेमुळे गिल कलेतिहासात एका शोकांतिकेचे नायक ठरले, तर दुसरीमुळे त्यांना मराठी साहित्यात स्थान मिळाले. ना. धों. महानोर यांचे 'अजिंठा' हे दीर्घकाव्य आणि त्यावर आधारलेला नितीन चंद्रकांत देसाई यांचा २०१२ मधील चित्रपट यांमुळे गिल यांची प्रतिमा मराठी वाचक-प्रेक्षकांच्या मनात दृढ झाली आहे. या प्रतिमेत चित्रकार आहे आणि प्रियकरही आहे. छायाचित्रकार मात्र नाही.

वस्तुतः गिल यांच्या हातून झालेल्या कामापैकी जे मोठ्या प्रमाणावर शिल्लक राहिले, ते छायाचित्रेच होत. १८५६ पासून त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि पुढे अजिंठा, वेरूळ व वऱ्हाडातील मंदिरांची छायाचित्रे घेतली. या कामाकडे जळालेल्या चित्रांची दुय्यम भरपाई म्हणून पाहण्याची सवय अभ्यासकांना जडलेली दिसते. प्रस्तुत लेखात या सवयीची तपासणी केली आहे. गिल यांची छायाचित्रे ही त्यांच्या चित्रांची दुबळी जागा भरणारी सामग्री नसून, एका स्थळी दीर्घकाळ राहिलेल्या माणसाने त्या स्थळाचे केलेले स्वतंत्र आकलन आहे. आणि त्या आकलनाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे नोंदविल्या पाहिजेत, अशी या लेखाची भूमिका आहे.

कारकिर्दीची पार्श्वभूमी

२८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातील खांबावर आपले नाव कोरले. या घटनेपासून युरोपीय जगाला या लेण्यांचा परिचय झाला, असे मानले जाते. स्थानिक लोकांना ती अर्थातच ठाऊक होती. पुढे वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांच्या लेखनामुळे भित्तिचित्रांच्या झपाट्याने होणाऱ्या नाशाकडे लक्ष वेधले गेले. परिणामी ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळाने १८४४ मध्ये चित्रांच्या प्रती करवून घेण्याचे ठरविले आणि मद्रास सैन्यातील अधिकारी गिल यांची या कामी नेमणूक झाली. निजामाच्या राज्यातील अजिंठा गावच्या बारादरीत त्यांनी मुक्काम केला. अंधारी दालने, वटवाघळे, ओल आणि तापाची साथ यांना तोंड देत त्यांनी अनेक वर्षे मोठमोठ्या कॅनव्हासवर प्रती केल्या आणि त्या लंडनला रवाना केल्या.

याच काळात मुंबईत छायाचित्रणाने मूळ धरले होते. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली. १८५५ मध्ये मुंबई सरकारने कॅप्टन थॉमस बिग्ज यांना पश्चिम भारतातील वास्तूंच्या छायाचित्रणासाठी नेमले. त्यांच्यानंतर हे काम डॉ. विल्यम पिगू यांच्याकडे गेले. विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात हौशी छायाचित्रकारांच्या कामाची मासिक चित्रमाला मुंबईतून प्रसिद्ध केली. छायाचित्रण हे सरकारी दप्तराचे साधन आणि शहरी सुशिक्षितांचा छंद अशा दोन्ही रूपांनी रुजत होते. गिल यांचा कॅमेरा या वातावरणाचाच भाग होता. तथापि एक फरक मूलगामी होता. बिग्ज किंवा पिगू हे दौऱ्यावर फिरणारे छायाचित्रकार होते. नेमून दिलेल्या ठिकाणी जायचे, काही काळ मुक्काम करायचा, काचा तयार करायच्या आणि पुढच्या ठिकाणी निघायचे, असा त्यांचा क्रम होता. गिल मात्र कॅमेरा हाती घेण्यापूर्वीच एक तप त्याच दरीत काम करीत आले होते.

१८६४ हे वर्ष त्यांच्या छायाचित्रणाच्या कारकिर्दीतील मध्यबिंदू होय. त्या वर्षी लंडनमध्ये दोन ग्रंथ प्रसिद्ध झाले. एकात अजिंठा-वेरूळ लेण्यांची ७४ छायाचित्रे होती, तर दुसऱ्यात पश्चिम भारतातील वास्तू व निसर्ग यांची १०० स्टिरिओस्कोपिक जोडचित्रे होती. दोन्ही ग्रंथांचे विवेचन फर्ग्युसन यांचे आणि छायाचित्रे गिल यांची आहेत. या प्रकाशनानंतर अवघ्या दोन वर्षांनी क्रिस्टल पॅलेसची आग लागली. एकेकच असलेले कॅनव्हास जळाले. ग्रंथांच्या अनेक प्रतींत चिकटविलेली छायाचित्रे टिकली. कलाकृतीच्या एकमेवत्वाचा आणि पुनर्निर्मितीक्षमतेचा हा भेद एकाच माणसाच्या आयुष्यात इतक्या कठोरपणे क्वचितच प्रत्ययास आला असेल.

शिळाछाप चित्राकडून छायाचित्राकडे

गिल यांच्या छायाचित्रांचे मोल ठरविण्यासाठी एक सोयीची तुलना उपलब्ध आहे. फर्ग्युसन यांनी लेण्यांवरील आपला पहिला सचित्र ग्रंथ १८४५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील चित्रे त्यांनी स्वतः जागेवर केलेल्या रेखाटनांवरून टी. सी. डिब्डिन यांनी शिळाछापावर उतरविली होती. रेखाटनांसाठी फर्ग्युसन कॅमेरा ल्युसिडा हे उपकरण वापरीत. त्यामुळे प्रमाण व दृष्टिकोन यांबाबत ती बरीच विश्वसनीय होती. १८६४ च्या ग्रंथात लेखक तोच, विषयही तोच. बदलले ते केवळ चित्राचे साधन.

शिळाछाप चित्रात चित्रकाराला निवड करता येते. पडलेल्या खांबावर वेल चढवायची की नाही, छायेचा कोन कोठे ठेवायचा, आकाशात ढग किती घालायचे, हे हाताच्या अधीन असते. त्या काळी युरोपात रूढ असलेल्या रम्यचित्रणाच्या संकेतानुसार भग्नावशेष हे विषण्ण सौंदर्याचे प्रतीक होते. फर्ग्युसन यांची रेखाटने शास्त्रीय हेतूने केलेली असली, तरी शिळाछापावर येताना त्या संकेताचा स्पर्श त्यांना होतोच. गिल यांच्या छायाचित्रांत हा संकेत मोडतो. भिंतीवरील ओघळ, ढासळलेल्या ओवरीचा राडारोडा, छिन्नीच्या खुणा आणि नंतरच्या काळातील काजळी या सर्वांना कॅमेरा समान महत्त्व देतो. फर्ग्युसन यांच्यासारख्या वास्तुअभ्यासकाला हेच हवे होते. शैलीच्या तपशिलांवरून कालक्रम लावणे ही त्यांची पद्धती होती, आणि त्यासाठी लहान तपशील वगळला जाऊन चालणार नव्हते. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी भारतीय वास्तूंची छायाचित्रे मोठ्या संख्येने मांडली, त्यामागे हाच विश्वास होता.

मात्र येथेच थांबल्यास गिल हे केवळ फर्ग्युसन यांचे पुरवठादार ठरतात, आणि ग्रंथसूचीतील नोंदींनी बऱ्याचदा तसेच केले आहे. छायाचित्रे पाहिली असता निराळे काही हाती लागते.

पोकळीचे चित्रण

इमारत उभारली जाते. लेणे कोरले जाते. दगडावर दगड रचून नव्हे, तर दगड काढून टाकून ते अस्तित्वात येते. त्यामुळे लेण्याचे खरे द्रव्य म्हणजे पोकळी होय. सपाट रेखाटनात किंवा एकेरी छायाचित्रात ही पोकळी दाखविणे कठीण असते. खांबांची रांग एकमेकांवर चिकटलेली दिसते, आणि मागील भिंत पुढे सरकल्याचा भास होतो.

स्टिरिओस्कोपिक छायाचित्रणात दोन भिंगांतून, डोळ्यांमधील अंतराच्या सुमाराने, एकाच दृश्याची दोन चित्रे घेतली जातात. विशिष्ट उपकरणातून ती एकत्र पाहिली असता दृश्याला खोली प्राप्त होते. हे साधन त्या काळी युरोपात घरोघरी करमणुकीसाठी लोकप्रिय होते. गिल यांनी ते लेण्यांसाठी वापरले, ही बाब तांत्रिक तपशिलापेक्षा अधिक महत्त्वाची आहे. व्हरांड्यातील उजेडापासून गर्भगृहातील काळोखापर्यंतचा प्रवास, खांबांमागची प्रदक्षिणेची वाट, स्तूपाच्या पाठीमागची अर्धवर्तुळाकार जागा, हे सर्व या पद्धतीत जाणवू शकते. एकाच खडकातून वरून खाली कोरत आणलेले, सुमारे ३० मीटर उंचीचे वेरूळचे कैलास मंदिर हे तर या साधनाचे जणू परीक्षास्थळच होय. भोवतालच्या उभ्या कड्यापासून मंदिर किती सुटे आहे, हे खोलीच्या प्रत्ययावाचून उमगत नाही.

अजिंठ्याची दरी घोड्याच्या नालाच्या आकाराची असून वाघूर नदीच्या वळणावरील कड्यात लेणी ओळीने खोदलेली आहेत. कडा वळत गेल्याने प्रत्येक लेण्याची दिशा निराळी आहे. साहजिकच प्रत्येक दर्शनी भागावर सूर्यप्रकाश येण्याची वेळही निराळी आहे. एकोणिसाव्या लेण्याचा दर्शनी भाग याचे उत्तम उदाहरण आहे. मोठे चैत्यगवाक्ष, त्याच्या दोहो बाजूंचे यक्ष, खालचा लहान खांबांचा मंडप आणि भिंतभर कोरलेल्या बुद्धमूर्ती अशा या रचनेत उठावाचे अनेक थर आहेत. समोरून प्रखर ऊन आल्यास हे थर एकमेकांत मिसळतात. पूर्ण छायेत ते निर्जीव होतात. तिरप्या उजेडाची मोजकी घटिका साधली, तरच दगड बोलतो. फिरत्या छायाचित्रकाराला ही घटिका योगायोगाने मिळते. रहिवाशाला ती माहीत असते. गिल यांच्या छायाचित्रांतील दर्शनी भागांची स्पष्टता हे दीर्घ वास्तव्याचे फळ मानावे लागेल. स्थळचित्रणाच्या कलेत मुक्काम हेही एक साधन असते, हा त्यांच्या कारकिर्दीतून मिळणारा महत्त्वाचा धडा होय.

रंगाची अनुपस्थिती

एक प्रश्न अपरिहार्यपणे उपस्थित होतो. भित्तिचित्रांच्या प्रतींसाठी नेमलेल्या माणसाने कॅमेऱ्याने भित्तिचित्रेच का टिपली नाहीत? याचे उत्तर त्या काळच्या रसायनशास्त्रात आहे. तत्कालीन काचांवरील लेप निळ्या प्रकाशाला संवेदनशील, तर तांबड्या व पिवळ्या प्रकाशाला जवळजवळ आंधळा होता. अजिंठ्याच्या चित्रांत गेरूचा तांबडा आणि पिवळ्या मातीचा रंग यांचे प्राबल्य आहे. म्हणजे चित्रातील सर्वांत उजळ व जिवंत भाग छायाचित्रात काळवंडून जाणार. शिवाय दालनांत पुरेसा उजेड नव्हता. मॅग्नेशियमच्या तारेचा कृत्रिम प्रकाश १८६४ च्या सुमारास बाजारात येऊ लागला, तोपर्यंत गिल यांचे ग्रंथ तयार झाले होते. अल्ब्युमेन कागदावरील ठसे तपकिरी-जांभळट छटांचे असले, तरी दृष्टीच्या अंगाने ते पूर्णतः कृष्णधवल परंपरेतील आहेत.

या मर्यादेचा एक अनपेक्षित परिणाम झाला. चित्रकार गिल यांचे लक्ष भिंतीवरील कथांकडे होते. छायाचित्रकार गिल यांचे लक्ष दगडाकडे, प्रकाशाकडे आणि दरीकडे वळले. जातककथांतील राजे व राण्या छायाचित्रातून नाहीशा होतात आणि त्यांना आश्रय देणारी वास्तू प्रकट होते. दोन्ही मिळून अजिंठा पूर्ण होतो, परंतु दुसरे काम पहिल्याची छाया नव्हे. आणखी एक भेद येथे नोंदविला पाहिजे. प्रती करताना रंग उठून दिसावेत म्हणून भित्तिचित्रांवर वार्निश देण्याचा प्रकार एकोणिसाव्या शतकात झाला आणि त्याचा दोष गिल व त्यांच्यानंतर आलेले जॉन ग्रिफिथ्स या दोघांकडेही जातो. हे वार्निश पुढे पिवळट पडले, आणि १९२० ते १९२२ दरम्यान निजाम सरकारने बोलाविलेल्या इटालियन तज्ज्ञांना ते दूर करण्याचे कष्ट घ्यावे लागले. ब्रशाने भिंतीला स्पर्श केला आणि इजाही केली. कॅमेरा भिंतीपासून दूर राहिला.

आगीची पुनरावृत्तीही झाली. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतील ग्रिफिथ्स यांनी पेस्तनजी बोमनजी आदी विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रती केल्या. त्यांपैकी बऱ्याच १८८५ मध्ये लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन येथील आगीत सापडल्या. भित्तिचित्रांना न्याय देणारे छायाचित्रण होण्यास विसावे शतक उजाडावे लागले. गुलाम याझदानी यांचे, छायाचित्रांवर आधारलेले चार खंड १९३० ते १९५५ या काळात हैदराबाद राज्याच्या पुढाकाराने प्रसिद्ध झाले. १९९० च्या दशकात बिनॉय बहल यांनी अत्यल्प प्रकाशात रंगीत छायाचित्रे घेऊन हा प्रवास पुढे नेला. गिल यांच्या अंधारापासून सुरू झालेल्या मालिकेतील हे पुढील टप्पे होत.

माणसांचे स्थान

गिल यांच्या कामाचा गौरव करताना त्यातील सत्तासंबंध दृष्टिआड करता येत नाहीत. एकोणिसाव्या शतकातील वास्तुछायाचित्रणात खांबाशेजारी किंवा पायरीवर एखादा स्थानिक माणूस उभा करण्याची रीत होती. त्याचा उपयोग मोजपट्टीसारखा असे. खांबाची उंची कळावी म्हणून माणूस. माणूस कळावा म्हणून काही नाही. काचेवरील दीर्घ उद्भासनासाठी त्याला स्तब्ध राहावे लागे. लेण्यांच्या वाटा ज्यांना ठाऊक होत्या, साहित्य ज्यांनी कड्यावर वाहून नेले, रसायनांसाठी पाणी ज्यांनी नदीतून आणले, त्यांची नावे ग्रंथांत नाहीत. कोरणाऱ्या प्राचीन शिल्पींची नावे काळाने पुसली. हमालांची व वाटाड्यांची नावे मुळात लिहिलीच गेली नाहीत.

जोडचित्रांच्या ग्रंथातील 'निसर्ग' या शब्दाचाही विचार करावा लागतो. गिल हे शिकारी म्हणून प्रसिद्ध होते, आणि मंदिरे व लेणी यांच्याच पंक्तीला या ग्रंथात शिकारीतील प्राण्यांची छायाचित्रे येतात. दरीतील लेणे आणि दरीतील वाघ हे दोन्ही एकाच दृष्टीचे विषय होतात. जपणूक आणि मालकी यांची सीमारेषा वसाहतकालीन दृष्टीत किती पुसट होती, याचा हा पुरावाच होय.

येथे पारोची आठवण अटळ आहे. अजिंठा गावातील तिच्या समाधीवर २३ मे १८५६ ही मृत्यूची तारीख आहे. याच वर्षापासून गिल यांच्या छायाचित्रणाचा प्रारंभ मानला जातो. या दोन घटनांत कार्यकारणभाव शोधण्याचा मोह कवीला होणे स्वाभाविक आहे. समीक्षकाला त्यास आधार नाही. तथापि मराठी काव्याने व चित्रपटाने पारोला जे नाव, आवाज व इच्छा दिली, ती ग्रंथांतील अनाम माणसांना दिलेली नुकसानभरपाई आहे, असे म्हणता येईल. दप्तराने जे गाळले, ते साहित्याने कल्पनेने भरले. ही कल्पना इतिहास नव्हे, हे भान मात्र सुटता कामा नये.

वऱ्हाडातील काम

क्रिस्टल पॅलेसच्या आगीनंतर गिल यांनी काम थांबविले नाही. त्यांनी पुन्हा प्रती करण्यास प्रारंभ केला आणि वऱ्हाडातील मध्ययुगीन मंदिरांची छायाचित्रेही घेतली. लोणार येथील मंदिरे त्यांत येतात. लेण्यांच्या छायाचित्रांत निसर्ग व वास्तू अविभाज्य होते. कारण कडा हीच इमारत होती. उघड्या माळावरील हेमाडपंती देवळांच्या बाबतीत प्रश्न निराळा होता. येथे वास्तू भोवतालापासून सुटी उभी असते. दप्तरी नोंदीचा हेतू अधिक ठळक झाल्याने ही छायाचित्रे अधिक शुष्क वाटतात. जेथे गिल राहिले तेथे त्यांची दृष्टी समृद्ध झाली. जेथे ते पाहणीसाठी गेले तेथे ती पाहणीपुरती राहिली. त्यांच्या कारकिर्दीतील ही विषमता वर मांडलेल्या प्रतिपादनाला पुष्टी देते. १० एप्रिल १८७९ रोजी त्यांचे निधन झाले. भुसावळ येथे त्यांची कबर आहे.

मुंबई उपनगरांच्या संदर्भात

या विवेचनाचा मुंबईच्या उपनगरांशी निकटचा संबंध आहे. बोरिवलीची कान्हेरी व मंडपेश्वर, अंधेरीची महाकाली आणि जोगेश्वरी ही लेणी त्याच सह्याद्रीच्या पाषाणपरंपरेतील आहेत. फर्ग्युसन व जेम्स बर्जेस यांच्या १८८० च्या ग्रंथात त्यांचा परामर्श घेतलेला आहे. आज कान्हेरी राष्ट्रीय उद्यानामुळे आपला भोवताल बऱ्याच अंशी राखून आहे. महाकाली, जोगेश्वरी व मंडपेश्वर मात्र वस्ती, रस्ते आणि इमारती यांनी वेढलेली आहेत. या लेण्यांची उपलब्ध छायाचित्रे पाहिल्यास बहुधा शिल्पपट, खांब किंवा स्तूप एवढेच चौकटीत येतात. शेजारची भिंत, गटार आणि गॅलऱ्या चौकटीबाहेर ठेवल्या जातात.

गिल यांची दृष्टी येथे उपयुक्त ठरते. लेणे हे वस्तू नसून स्थळ आहे. त्याचा कडा, पाणी, वाट आणि उजेड यांसह ते टिपले पाहिजे, हे त्यांचे काम सांगते. त्याच वेळी गिल यांनी जे केले नाही तेही करणे आवश्यक आहे. लेण्यांभोवती राहणारी माणसे ही मोजपट्टी नव्हेत, अथवा अतिक्रमणाचे पुरावेही नव्हेत. त्या स्थळाच्या आजच्या जीवनाचा ती भाग आहेत. उपनगरांतील महाविद्यालयांनी आपल्या परिसरातील लेण्यांचे असे दीर्घकालीन, ऋतुमानानुसार छायाचित्रण हाती घेतल्यास ते इतिहास, भूगोल व समाजशास्त्र या तिन्ही विषयांना उपकारक ठरेल.

निष्कर्ष

गिल यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन आतापर्यंत प्रामुख्याने नष्ट झालेल्या कामावरून केले गेले. शिल्लक राहिलेल्या कामाकडे पाहिले असता चार गोष्टी स्पष्ट होतात. एक, छायाचित्रणामुळे लेण्यांचा अभ्यास रम्यचित्रणाच्या संकेतातून बाहेर पडला. दोन, स्टिरिओस्कोपिक पद्धतीमुळे कोरीव वास्तूच्या पोकळीला चित्ररूप मिळाले. तीन, रंग टिपता न आल्याने कथेकडून स्थळाकडे लक्ष वळले आणि ही मर्यादाच त्यांच्या शैलीचे वैशिष्ट्य ठरली. चार, या दृष्टीत स्थानिक माणसाला स्वतःचे स्थान नव्हते, आणि ही उणीव मराठी साहित्याने आपल्या परीने भरून काढली. १९८३ मध्ये अजिंठा व वेरूळ यांचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. लेण्यांची त्या वेळची आणि आजची स्थिती यांची तुलना करण्यास जो सर्वांत जुना विश्वसनीय दृश्य-पुरावा उपलब्ध आहे, त्यात गिल यांच्या छोट्या आकाराच्या, तपकिरी पडलेल्या छायाचित्रांचे स्थान मोठे आहे. जळालेल्या चित्रांबद्दल हळहळताना, न जळालेली छायाचित्रे नीट पाहणे हे अभ्यासकांचे पहिले कर्तव्य ठरते.